धरसोड

माझी लेक आठ दिवसांची रजा काढून आली, ती माझं पुढं काय करायचं हे ठरवायला. तसं ती म्हणाली नाही. "सहज आले," म्हणाली. पण ती बसगाड्यांची वेळापत्रकं बनवणाऱ्या खात्यात आहे, तिला सहज काहीच जमत नाही. आल्या आल्या तिचं लक्ष स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे गेलं. ते आठ महिन्यांपूर्वीच्या पानावर तसंच लटकत होतं. तिनं एकेक करून आठ पानं उलटली, आठ चौकोनांत पेन्सिलीनं टिंबं काढली आणि मग पायातले बूट काढले.

"बाबा, त्या मास्तरांचा परत फोन आला होता मला. सायकलसाठी," ती म्हणाली. "नवरा-बायको दोघं शिक्षक आहेत. फार हवीय त्यांना. देऊन टाकायची का?"

"दे."

"तुम्हाला काही वाटणार नाही?"

"नाही."

हे खरं होतं. बायको गेल्यापासून मला काही वाटत नव्हतं. लोकांना हे ढोंग वाटतं, किंवा मोठेपणा. दोन्ही नाही. गरम भांड्याला बोट लागलं तर फोड येतो, तो मला दिसतो, पण हात झटकला जात नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, भात लावतो, खातो. कुणी भेटायला आलं तर "बसा" म्हणतो, उठलं तर "या" म्हणतो. रडलो नाही म्हणून माझ्या बहिणीनं नाक मुरडलं, त्याचंही काही वाटलं नाही.

सायकल दारातून आत आल्यावरच्या बोळात उभी होती. आठ फुटी धूड. दोन सीटं, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या. तिच्याशेजारून जाताना माणसाला आडवं होऊन सरकावं लागतं. लेक तशीच सरकत पुढं गेली, वळली आणि पुढच्या हँडलवर हात ठेवून उभी राहिली.

"असं करू," ती म्हणाली. "टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत एकदा जाऊ. तुम्ही आणि आई जायचात तसं. मी पुढं बसते. वर पोचलो तर गाडी राहील, आणि दर रविवारी मी येईन चालवायला. नाही पोचलो तर मास्तरांना फोन."

"आणि मग रविवारी?"

"मग बघू," ती म्हणाली.

वेळापत्रक बनवणारं माणूस 'मग बघू' म्हणालं की काय समजायचं ते मला कळतं.

मी टर्नर. चौतीस वर्षं लेथवर लोखंड कातलं. शेवटी शेवटी काचबिंदूनं डोळे कडेकडेनं खायला घेतले. आता नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचा स्क्रू दिसतो, त्याचे आटेसुद्धा मोजता येतात, पण बाजूनं येणारा ट्रक अंगावर येईपर्यंत दिसत नाही. एकट्यानं सायकल चालवणं बंद झालं तेव्हा बायकोनं ही जोडगाडी कुठूनशी जुनी मिळवली. ती पोस्टात होती. सव्वीस वर्षं सायकलवरून पत्रं वाटलेली, तिच्या पोटऱ्या माझ्यापेक्षा दणकट होत्या आणि हे ती चारचौघांत सांगायची. ती पुढं बसली, मला मागं बसवलं. गल्लीला आयता विषय मिळाला. तिला ड्रायव्हर म्हणायला लागले, मला क्लीनर. "क्लीनर, मागं बघा हो, गाडी येतेय!" मी चिडायचो, आणि चिडतो म्हणून ते आणखी ओरडायचे. अकरा वर्षं हे चाललं. ती गेल्यापासून सगळे मला काका म्हणतात.

"आई हिला धरसोड म्हणायची ना?" लेकीनं विचारलं. "तुमच्या स्वभावावरून. निघू की नको, टोपी घेऊ की नको, आज डावीकडून की उजवीकडून."

"हो," मी म्हणालो.

ही पहिली थाप.

लेकीला कुठं माहीत असणार? गाडी आली तेव्हा ती शिकायला बाहेर पडली होती. पुढं नोकरी लागली. ती यायची सणावाराला, तेव्हा सायकल बोळात आणि आम्ही घरात.

पहिलं काम गिअरचं. गाडीचे गिअर बायकोच्या पोटऱ्यांच्या हिशेबानं होते. मागच्या चाकावर आठ चकत्या, सगळ्यात मोठी अठ्ठावीस दातांची. चढाला चकती जेवढी मोठी तेवढे पाय हलके. लेक दिवसभर खुर्चीवर बसते, तिला हे झेपणं शक्य नव्हतं. म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून नऊ चकत्यांचा संच आणला, मोठी छत्तीस दातांची. नऊला चेन बारीक लागते, म्हणून चेन नवी. एवढ्या मोठ्या चकतीपर्यंत चेन ढकलायची तर डिरेलर लांब हाताचा हवा, म्हणून तोही नवा. उजवीकडची पुढची दातेरी चकती झिजून तिचे दात एका अंगाला झुकले होते, नवी चेन त्यांच्यावर चढून बसली असती, म्हणून तीही. हँडलवरचा गिअरचा खटका नवा. आणि केबल. साधी केबल या गाडीला हातभर कमी पडते. सायकलवाल्यानं ती मागवून घेतली, दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

बोळात वर्तमानपत्र अंथरून मी बसलो. लेक दिवा धरायला शेजारी. हात चालत होते. ग्रीसचा वास आला, तो मला आवडायचा हे आठवलं, आवडला मात्र नाही. जुनी चेन काढून मी फूटपट्टीला लावली. बारा इंचांच्या खुणेवर जी पिन यायला हवी, ती खुणेच्या पुढं गेली होती.

"एवढी ताणली?" लेक म्हणाली.

"लोखंड ताणत नाही. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो. शंभर सांध्यांचं मिळून एवढं होतं."

"आणि ही डावीकडची?"

डावीकडे लांबलचक चेन असते, दोन चेन जोडून केलेली. ती पुढच्या पायडलांना मागच्या पायडलांशी बांधते. तिच्यामुळं पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरतातच, आणि एक थांबला की दुसऱ्याला थांबावंच लागतं. मी हे सांगितलं तेव्हा लेक थोडा वेळ त्या चेनकडे बघत राहिली.

"म्हणजे सुटका नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी बाहेर काढली. लेक पुढं चढली, मी मागं. समोर तिची पाठ आली. तिच्या आईची पाठ रुंद होती, हिची अरुंद आहे, आणि मान मात्र तीच. मी मानेकडे बघायचं टाळलं. सपाट रस्त्यावर गाडी बरी चालली. कोपऱ्यापुढं थोडी चढण लागते, तिथं लेकीनं खटका दाबला आणि मागून असा आवाज आला की दोन घरांच्या खिडक्या उघडल्या. कडकड, मग खाडकन एक हिसका, तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. चेन शेवटी बसली चकतीवर, पण कण्हत.

"बाबा, हे काय?"

"केबल," मी म्हणालो. "नवी केबल बसायला वेळ लागतो."

ही दुसरी थाप. दोष काय आहे ते मला त्या पहिल्याच हिसक्याला कळलं होतं.

जोडगाडीवर चेनला दोन माणसांचा जोर असतो. एवढ्या ताणावर गिअर टाकला तर चेन चकत्या ओरबाडणारच. म्हणून पुढच्यानं आधी सांगायचं असतं. बायको सांगायची: "सोड." की मी पायातला जोर काढायचा. पाय थांबवायचे नाहीत, नुसते फिरत ठेवायचे, हलके. तेवढ्यात ती खटका दाबायची, चेन अलगद सरकायची, आणि ती म्हणायची: "धर." की मी परत जोर लावायचा. सोड आणि धर यांच्यामध्ये अर्धं चक्र, फार तर एक. चढावर जास्त थांबता येत नाही, गाडी मरते. टाकीपर्यंतच्या वाटेवर हे दहा-बारा वेळा व्हायचं. त्यावरून गाडीचं नाव धरसोड. माझ्या स्वभावाचा काही संबंध नाही.

आणखी एक. बायको मला घरात कायम अहो-जाहो करायची. तीस वर्षांत एकदाही 'तू' म्हणाली नाही, भांडणातसुद्धा नाही. "तुम्ही अगदी मूर्ख आहात," असं आदरानं म्हणायची. फक्त सायकलवर 'सोड' आणि 'धर'. "सोडा म्हणेपर्यंत चढ संपतो हो," असं तिचं म्हणणं.

दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी मी तिचा हात धरून बसलो होतो. लेक दाराशी डॉक्टरांशी बोलत होती. दोन दिवस बायको काही बोलली नव्हती. तिनं डोळे उघडले नाहीत, पण स्पष्ट म्हणाली, "सोड."

मी सोडलं. विचार केला नाही. अकरा वर्षांची सवय, शब्द कानावर पडला की जोर निघून जातो. माझी बोटं ढिली झाली, तिचा हात चादरीवर पडला. आणि मी 'धर' यायची वाट बघत बसलो. नर्स आली, तिनं नाडी बघितली, डॉक्टर आले. मी वाटच बघत होतो.

तेव्हापासून माझे पाय फिरतायत, जोर नाही. हे मला नीट कळतं. लेकीला 'सोड' म्हणायला शिकवायचं तर तो शब्द आधी मला उच्चारावा लागला असता, आणि मग मागं बसून तो ऐकावा लागला असता. त्यापेक्षा मी केबलला दोष दिला.

चौथा दिवस केबलवर घालवला. बाहेरचं नळकांडं कापून टोकं कानशीनं साफ केली, तेलाचा थेंब सोडला. पाचव्या दिवशी म्हणालो, डिरेलर ज्या कानाला टांगतो तो कान वाकलाय. गाडी सायकलवाल्याकडे नेली. त्यानं माप लावलं, म्हणाला, केसभर आहे, आणि सरळ करून दिला. लेकीनं तिथंच एक फेरी मारायला लावली. परत कडकड. मग मी डावीकडची लांब चेन ढिली पडल्याचं काढलं. पुढच्या पायडलांचा आस एका गोळ्यात, मध्य सोडून बाजूला बसवलेला असतो, तो गोळा फिरवला की चेन ताणते. मी तो फिरवून चेन बोटानं अर्धा इंच हलेल इतकी ठेवली. काम चोख झालं. त्याचा उपयोग शून्य, आणि ते मला माहीत होतं.

लेक दिवा धरून बसायची. कॅलेंडरवरची टिंबं ती एकेक करून खोडत होती.

सहाव्या दिवशी ती म्हणाली, "आता फाटे पुरेत. आज टाकी."

टाकीचा चढ आधी वखारींच्या मधून जातो, मग एका शाळेच्या भिंतीला लागून वळतो आणि तिथून पुढं छातीवर येतो. वळणापर्यंत लेकीनं गिअर बदललाच नाही, दात-ओठ खात ओढलं. भिंतीपाशी तिचा दम संपला. तिचा अंगठा खटक्याकडे गेला, मला कोपराच्या हालचालीवरून दिसलं. तोंड उघडायला तेवढाच वेळ होता. मी उघडलं नाही.

फाट्कन आवाज झाला आणि पाय एकदम रिकामे फिरले. चेन तुटून रस्त्यावर साप पडावा तशी पडली. गाडी उभी राहिली, मग मागं सरकायला लागली. लेकीनं ब्रेक दाबून पाय टेकले. मी उतरलो आणि हात बाजूला घेतले. गाडी कलंडली, पायडल तिच्या नडगीला लागलं.

"धरा ना मागून!" ती ओरडली. "सोडलीत काय?"

मी गाडी धरली. तिच्या नडगीवर ग्रीसचा काळा ओरखडा होता, त्यातून रक्त आलं होतं. तिनं तो रुमालानं पुसला, रुमाल घडी करून खिशात ठेवला. शाळेच्या भिंतीपलीकडे मुलं पाढे म्हणत होती.

"तुम्हाला सोडून द्यायची सवयच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "आईचा हात तुम्ही काढून घेतलात. शेवटच्या क्षणी. मी दारातून पाहिलं, बाबा. आठ महिने बोलले नाही. म्हटलं, घाबरला असाल. पण तुम्ही घाबरला नव्हतात. तुम्ही नुसते बसला होतात."

माझ्याकडे उत्तर होतं, एका शब्दाचं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थिजलं. तिला दुखलं होतं, हे मला कळत होतं. कळणं आणि वाटणं यांच्यामध्ये माझ्यात कुठंतरी केबल तुटली होती. मी खाली वाकून चेन गोळा केली. मग आम्ही ते आठ फुटी धूड उतारावरून ढकलत खाली आणलं, ती पुढं, मी मागं.

सायकलवाल्यानं तुटलेली कडी चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात नेली. तो जाडजूड माणूस आहे, कानाला पेन्सिल लावतो आणि दिवसभर ती शोधतो.

"ही बघा, पट्टी पिळली आहे," तो म्हणाला. "ताणावर गिअर टाकला की असंच होणार. तुमच्या मशीनमध्ये दोष नाही हो काका, मी कालपासून तेच म्हणतोय. टाकताना सांगत नाही का कुणी?"

मी बोटांवरचं ग्रीस चोळत राहिलो.

"काय सांगायचं?" लेकीनं विचारलं.

"अहो, तुमच्या आई सांगायच्या ना. सोड, धर. सोड, धर. वखारीपाशी असायच्या तेव्हा मला इथं दुकानात ऐकू यायचं. इतका खणखणीत आवाज." तो हसला, मग माझ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. "काका, तुम्ही यांना सांगितलं नाही?"

लेक माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादी बस रोज वेळेवर सुटते आणि तरी पोचत नाही, अशा वेळी ती कागदाकडे जशी बघत असेल, तशी बघत होती.

"बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या हिसक्यापासून."

"मग चार दिवस आपण काय करत होतो?"

सायकलवाला चेन घेऊन आतल्या बाजूला गेला. त्याला तिकडं काही काम नव्हतं.

मी त्याच्या बाकावर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, सपाट आवाजात, एखाद्या पुर्ज्याची मापं सांगावीत तसं. सोड म्हणजे काय, धर म्हणजे काय, मध्ये किती थांबायचं. मग दवाखान्यातली ती दुपार. बायको काय म्हणाली आणि मी काय केलं.

लेक बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकली. मग म्हणाली, "सोड म्हणाली? सोडा नाही?"

"सोड."

"आई तुम्हाला..."

"घरात कधीच नाही. फक्त गाडीवर."

तिनं हात तोंडावर ठेवला. ती माझी लेक आहे, मोठ्यानं रडत नाही.

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? जोर काढला. आणि धर यायची वाट बघितली."

"किती वेळ?"

"अजून बघतोच आहे," मी म्हणालो.

आतून सायकलवाल्याच्या नाक शिंकरण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तो जोडलेली चेन घेऊन बाहेर आला, स्वतः बसवली, आणि पेन्सिल सापडत नाही म्हणून चिडचिड करत बसला. ती त्याच्या कानाला होती.

घरी आल्यावर लेकीनं आधीच धुतलेले दोन कप परत धुतले. मग बोळात येऊन सायकलच्या पुढच्या सीटवर टेकून उभी राहिली.

"म्हणजे मला तुम्हाला 'सोड' म्हणावं लागणार."

"हो."

"बापाला? अरे-तुरे?"

"सोडा म्हणेपर्यंत चढ संपतो."

ती हसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर. मग बोळातल्या बोळात तालीम सुरू झाली. "सोडा. नाही, सोड. धरा. अहो, धर. शी, कसंतरीच वाटतं, बाबा. जीभच वळत नाही." मी भिंतीला टेकून ऐकत होतो. तिच्या तोंडून तो शब्द आला की माझे पाय उभ्या जागी हलके व्हायचे. तेवढंच. त्यापलीकडे काही नाही. मी ते तिला सांगितलं नाही.

सातव्या दिवशी सकाळी परत निघालो. वखारींमधून जाताना तिनं पहिल्यांदा हाक दिली, आवाज चाचरत होता. "सोड." मी जोर काढला. टक् असा छोटा आवाज, चेन सरकली. "धर." मी लावला. कुणाची खिडकी उघडली नाही. पुढं परत एकदा. मग सायकलवाल्याच्या दुकानाच्या दिशेनं कुणीतरी लांबून ओरडलं, "क्लीनर, मागं बघा!" मी मागं बघितलं नाही, बघून दिसणारही नव्हतं.

शाळेची भिंत आली. रस्ता छातीवर आला. लेकीचा श्वास मला ऐकू येत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. सगळ्यात मोठी चकती अजून बाकी होती.

"सोड!" ती म्हणाली.

मी सोडलं. टक्. चेन छत्तीसवर जाऊन बसली, इतकी अलगद की बायकोनंसुद्धा मान डोलावली असती. पाय हलके फिरत होते. अर्धं चक्र झालं. एक झालं. समोरून एक गाडी येत होती, लेक तिच्याकडे बघत होती, हँडल सांभाळत होती. शब्द विसरली. दीड चक्र. गाडी मरायला लागली, पुढचं चाक डगमगायला लागलं. तिचे एकटीचे पाय ओढत होते, ते मला डावीकडच्या चेनमधून कळत होतं. मी आपणहून जोर लावू शकलो असतो. कुणालाही वाटेल, लावायचा की. पण माझे पाय ऐकेनात. मी परत त्या खुर्चीवर बसलो होतो आणि चादरीवर हात पडला होता.

"बाबा!" लेक ओरडली. आणि मग, "धर!"

मी धरलं.

मांड्यांमध्ये कळ गेली. दुखलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी दुखलं, आणि ते पायांवर थांबलं नाही, वर आलं, पोटात, छातीत, घशात. मला बायको हवी होती. हे इतकं साधं होतं आणि इतके दिवस मला ते माहीत नव्हतं. मला ती हवी होती, समोर, तिची रुंद पाठ, तिचा खणखणीत आवाज. मी रडायला लागलो. मागच्या सीटचा एक फायदा असतो, पुढच्याला दिसत नाही. पण मागचा हलला की गाडी हलते, ते लपत नाही.

"हलू नका ना, बाबा," लेक म्हणाली. "तोल जाईल गाडीचा."

गाडी हलतच राहिली. मग तिला कळलं. तिची मान ताठ झाली, ती मागं वळली नाही. चढावर वळायचं नसतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. टाकी समोर दिसायला लागली होती, तिची पांढरी भिंत माझ्या नळीत मावत होती.

तिचा अंगठा खटक्यावर नव्हता. दोन्ही मुठी हँडलवर घट्ट होत्या. चेन होती त्याच चकतीवर होती, कुठलाही गिअर बदलायचा नव्हता. तरी ती म्हणाली, हळू, समोर बघत, "धर."

थोडं पुढं गेल्यावर परत म्हणाली, "धर, बाबा."

मी धरलं.